दोन कॉम्प्युटर आणि एक पडदा

धाकट्याने स्टुडिओत नवा कॉम्प्युटर बसवला आणि दोघा भावांचं घरातलं भांडण कामाच्या जागी आलं. थोरला तिथे वीस वर्षं ध्वनिमुद्रक. सहा महिन्यांत चार गिऱ्हाइकांनी गाणी परत आणली. आवाज कानाला टोचतो म्हणाले. थोरल्याने खापर थेट मशीनवर फोडलं.

"याने फालतू माल भरलाय. आवाज मेलाय त्यात. म्हणून मला बारीक, टिपेचे आवाज चढवावे लागतात."

"मशीन नुसते आकडे पुढे पाठवतं, दादा. आकड्यांचा आवाज करतो तो डबा जुनाच, स्पीकर जुनेच. पोस्टमन बदलला म्हणून पत्रातला मजकूर बदलतो का? नाचता येईना, अंगण वाकडं!"

"ठोंब्या, तू मला आवाज शिकवणार?"

ठोंब्या हे धाकट्याचं लहानपणीचं नाव. चाळिशी उलटली तरी थोरल्याने ते चारचौघांत वापरायचं सोडलं नव्हतं, आणि धाकट्याला ते ऐकलं की आजही त्याचा गळा धरावासा वाटे.

स्टुडिओच्या मालकीणबाई दोघांना विटल्या होत्या. "आज सोक्षमोक्ष लावा. दोष मशीनचा असेल तर ते उचला आणि पुन्हा इथली पायरी चढू नका. नसेल तर कानांचा आहे. मग मला दुसरे कान शोधावे लागतील."

धाकट्याने जुना आणि नवा कॉम्प्युटर पडद्यामागे मांडले. एकच गाणं, दहा वेळा, कधी यावरून, कधी त्यावरून. थोरल्याने डोळे मिटून सांगायचं, कुठला.

दहाच्या दहा बरोबर.

"यासाठी कान लागतात," थोरला म्हणाला, "पाने-पकडी नव्हे. उचल तुझं बिऱ्हाड."

धाकटा वायरी गोळा करायला वाकला आणि तसाच थांबला. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. नव्याला पंखाच नव्हता. वाजवायचा तेवढाच चालू ठेवून दुसरा आपण दर वेळी बंद करत होतो! दादा गाणं नाही, पंखा ऐकत होता.

त्याने दोन्ही मशीन शेजारच्या खोलीत नेली, लांब वायर ओढली, दार लावलं. पुन्हा दहा वेळा. या खेपेला चारच बरोबर.

"लबाडी आहे ही!" थोरला ओरडला. "आवाज मेलाय म्हणजे मेलाय. मला कळत नाही का?"

इथे थांबता आलं असतं. धाकट्याचं काम वाचलं होतं. पण ठोंब्या मनातून जाईना.

"मग तोही निकाल लावू," तो म्हणाला. "आता एक बारीक शिटी लावतो. ऐकू आली की हात वर कर. फक्त शिटी, दुसरं काही नाही."

थोरला खुर्चीत ताठ बसला. डोळे मिटले, मान जराशी पुढे काढली, हात मांडीवर तयार ठेवला. वीस वर्षं तो असाच बसत आला होता. धाकट्याने बटण दाबलं. सुईसारखा आवाज खोलीभर घुसला, त्याचे स्वतःचे दात शिवशिवले.

हात मांडीवरच होता.

धाकट्याला एकदम वाटलं, हे आपण करायला नको होतं. पण बटणावरचं बोट हलेना.

"अरे, लाव की," थोरला खेकसला. "घाबरलास?"

मग त्याने डोळे उघडले. मालकीणबाईंनी दोन्ही कानांत बोटं घातली होती.