सोडलेला चेंडू

टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसणारी बाई देशासाठी टेस्ट खेळली आहे, हे रांगेतल्या कुणाच्या गावीही नसायचं. टीममध्ये तिला मुंगी म्हणत, कारण तिच्या धावा मुंगीच्या पावलांनी यायच्या. बायकांच्या टेस्ट होतात तरी किती? तीन-चार वर्षांतून एखादी. चौतिशी गाठेपर्यंत मुंगीच्या वाट्याला दोनच आल्या होत्या. तिसरीसाठी ती रोज सकाळी कचेरीआधी दीड तास सराव करायची.

तिची धाकटी बहीण मात्र वीस ओव्हरच्या खेळाची राणी. लोक तिला ठिणगी म्हणत. बसथांब्यावर तिचा फोटो, मुलींच्या टी-शर्टवर तिचा नंबर. पार्सल वजनाला लावता लावता माणसं मुंगीला विचारत, "तुम्ही ठिणगीच्या बहीण ना? सही मिळेल का हो तिची?" मुंगी हसून "बघते" म्हणायची आणि शिक्का जरा जोरातच आपटायची.

टेस्टची टीम जाहीर झाली तेव्हा मुंगीचं नाव होतंच, पण सातव्या नंबरला ठिणगीचंही होतं. चार दिवसांचा सामना ती जन्मात खेळली नव्हती.

"तिकिटं खपायला हवीत ना," मुंगी आईला म्हणाली.

"अगं, बहीण आहे ती तुझी," आई म्हणाली. "जरा शिकव तिला. चेंडू सोडायचा कसा ते तिला येत नाही, असं तीच सांगत होती."

ठिणगीने सरावाच्या वेळी खरंच विचारलं. हेल्मेट काखेत धरून, घामाघूम होऊन. "ताई, कुठला चेंडू सोडायचा हे तुला कळतं कसं?"

मुंगीला ते एका वाक्यात सांगता आलं असतं. या बहिणीला तिने सायकल शिकवली होती, भागाकार शिकवला होता, कधी हात आखडता घेतला नव्हता. पण नेटच्या जाळीपलीकडे दहा-बारा मुली मोबाइल उंच धरून उभ्या होत्या, आणि त्यातला एकही मोबाइल मुंगीकडे वळलेला नव्हता.

"सवयीने येतं," ती म्हणाली आणि पॅड सोडायला बसली.

पहिल्या डावात ठिणगी मैदानात उतरली तेव्हा स्टेडियम दणाणलं. समोरच्या टीमच्या उंच बोलरने दुसराच चेंडू आत आणला. ठिणगीने सोडून द्यायला बॅट वर उचलली आणि मागे यष्टी उडाली. शून्य. पॅव्हेलियनच्या पायरीवर बसलेल्या मुंगीच्या पोटात गार पाण्याचा घोट उतरावा तसं काहीतरी उतरलं. ते सुख होतं. ठिणगी मान खाली घालून जवळून गेली, तेव्हा मुंगीने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिला स्वतःलाच खोटा वाटला.

चौथ्या दिवशी जिंकण्याची आशा उरली नव्हती. दिवस संपेपर्यंत टिकून सामना ड्रॉ करायचा, एवढंच हातात होतं. मुंगी सकाळपासून खेळत होती. जेवणानंतर पाचवी विकेट पडली आणि ठिणगी आली. बोलायला खेळपट्टीच्या मध्यावर थांबली तेव्हा तिचे ओठ कोरडे पडले होते.

"ताई, आता तरी सांग."

तो "तरी" मुंगीच्या वर्मी लागला. ठिणगीला कळलेलं होतं तर!

"मागचा पाय ऑफ-स्टंपच्या रेषेत ठेव," मुंगी म्हणाली. "मग जो चेंडू तुझ्या डोळ्यांच्या बाहेरून जातो, तो तुझा नाही. त्याच्याकडे ढुंकून बघू नकोस. डोळ्यांखाली येईल तेवढाच अडव."

"एवढंच?"

"एवढंच."

ठिणगीने पहिला चेंडू सोडला. दुसरा सोडला. "सिक्स! सिक्स!" म्हणून गॅलरी ओरडत होती. अर्ध्या तासाने ओरडणं थांबलं आणि काही लोक उठून चालू लागले. पण बरेचसे बसून राहिले. उंच बोलरचा एक चेंडू बॅटला चाटून जाता जाता राहिला तेव्हा सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. तो मैदानात ऐकू आला. मग कुणीतरी सोडलेल्या चेंडूला टाळी वाजवली. बघता बघता प्रत्येक सोडलेल्या चेंडूला टाळ्या पडू लागल्या.

मुंगीने हयातभर असे हजारो चेंडू सोडले होते. एकालाही टाळी मिळाली नव्हती.

एकसष्टवर मुंगी पायचीत झाली. पुढचा दीड तास तिने पॅडही न सोडता ड्रेसिंग रूमच्या खिडकीतून पाहिला. ठिणगी बाद झाली असती तर टीम हरली असती, हे तिला कळत होतं. तरी तिचा जळफळाट होत होता. वेगवान खेळ तर धाकटीचाच होता; आता ताईचा संथपणाही तिच्याच नावावर लागत होता. शेवटची ओव्हर संपली. ठिणगी एकशे चाळीस चेंडूंत एकोणीस धावांवर नाबाद. स्टेडियम उभं राहिलं. "टेस्टमध्ये इतकी मजा असते होय!" असं एक बाई आपल्या नवऱ्याला सांगत पायऱ्या उतरली.

पत्रकारांना ठिणगीने सांगितलं, "ताईने शिकवलं." तो कागद-पेनांचा घोळका क्षणभर मुंगीकडे वळला आणि परत फिरला.

खोलीत दोघीच उरल्यावर ठिणगीने बूट काढता काढता विचारलं, "पहिल्या डावाआधी का नाही सांगितलंस?"

खोटं बोलायला मुंगीकडे हवी तेवढी वाक्यं होती. "तू शून्यावर जावीस म्हणून," ती म्हणाली.

ठिणगीने दुसरा बूट काढलाच नाही. बॅग उचलली आणि एका पायात बूट, एका पायात मोजा अशी निघून गेली.

दहा दिवस फोन नाही. आईने विचारलं, मुंगीने उडवाउडवी केली. अकराव्या दिवशी कचेरी बंद व्हायच्या सुमाराला रांगेत शेवटी ठिणगी उभी होती. तिला ओळखून पुढच्या दोघांनी आपला नंबर देऊ केला, तो तिने घेतला नाही.

"पुढच्या वर्षी दोन टेस्ट ठरल्यात," खिडकीशी आल्यावर ती म्हणाली. "एवढी माणसं चौथ्या दिवशी बसून राहिली, म्हणून."

"तुझ्यामुळे," मुंगी म्हणाली. हे म्हणताना तिने शिक्का उचलून बाजूला ठेवला.

"हो, माझ्यामुळे. आणि मी अजून चिडलेय. पण मला दिवसभर खेळायला शिकायचंय, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला येत नाही."

मुंगीला दोन टेस्टचा आनंद झाला होता आणि पोस्टरवर कुणाचा फोटो लागेल याचा हेवाही वाटत होता. दोन्ही एकाच वेळी. तिने खिडकी बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी नेटवर पोचल्या. आधी बॅटिंग कुणी करायची यावरून फाटकापासूनच भांडण जुंपलं.