वाऱ्याच्या तोंडी दार

जीपमधून उतरून मी मदत छावणीतल्या बाळंतपणाच्या तंबूत शिरले, तर खाटेवर बोटभर धूळ! दारच वाऱ्याच्या तोंडी. आत एक बाई कळा सोसत होती आणि तिची सासू चादरीने धूळ अडवत होती.

"दार इकडे कोणी केलं?" मी बॅग खाली न ठेवताच विचारलं.

"मुख्य ऑफिसच्या नकाशात तसंच आहे, सिस्टर," छावणीप्रमुख म्हणाले. "बदलायला परवानगी लागते. आजच आलात, आधी चहा तरी घ्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वाऱ्याने घेतली होती का परवानगी?"

बाईला शेजारच्या तंबूत हलवलं आणि मी पहिली खुंटी उपटली. पाण्याच्या रांगेतल्या बायका कळश्या टाकून धावल्या. खांब धरून आम्ही अख्खा तंबू फिरवला. शेवटी प्रमुखही दोरी ओढायला आले.

"घर फिरलं की वासे फिरतात म्हणे," सासू हसली, "आपण वासे धरून घरच फिरवलं!"

संध्याकाळी स्वच्छ खाटेवर बाळाने असा टाहो फोडला की बाहेर टाळ्या पडल्या.

प्रमुखांनी कपाळाचा घाम पुसला. "आता ऑफिसला काय कळवू?"

"कळवा," मी म्हणाले, "मुलगी झाली."