टेबलाखालची चार मापं

आमच्या घरातलं कापायचं टेबल एवढं मोठं होतं, की आधी टेबल ठेवलं आणि मग त्याच्याभोवती भिंती बांधल्या, असं येणारेजाणारे म्हणायचे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, शिंपी होते. तिसऱ्या मजल्यावरच्या घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. चार बोटं जाड फळी आणि मांडीएवढे पाय. त्या टेबलावर मामंजी कोट कापायचे, खिडकीशी आमचे हे मशिनवर बसायचे, मी काजं करायची, बटणं लावायची आणि सासूबाई स्टुलावर बसून चुकलेले टाके उसवत सगळ्यांना सल्ले द्यायच्या. त्यांचा उजवा गुडघा गेलेला. तीन जिने उतरायला त्यांना अर्धा तास लागायचा, त्यातली दहा मिनिटं गुडघ्याला नावं ठेवण्यात जायची.

मी लग्न होऊन आले त्याच वर्षी एका सकाळी जमीन हलली. फार नाही. कपातला चहा हिंदकळला आणि कात्री आपणहून चार इंच चालली. पण आम्ही तिघं जे सुटलो ते थेट रस्त्यावर. मामंजी पुढे, त्यांच्यामागे हे, यांच्यामागे मी. खाली सगळी इमारत जमलेली. कुणाच्या तोंडाला साबण, कुणाच्या एकाच पायात चप्पल, आणि जो तो दुसऱ्याला आपण कसे घाबरलो नाही ते सांगत होता. तेवढ्यात वरून हाक आली.

"झालं का सगळ्यांचं? मी आहे हो अजून वर!"

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत सासूबाई उभ्या होत्या. खालचे सगळे वर बघायला लागले, आणि मग आमच्याकडे.

"चहा गार झाला तुमचा," त्या म्हणाल्या. "दुसरा टाकते. सावकाश या. मला काही घाई नाही."

त्या दिवशी जिना चढताना आम्ही तिघं एकमेकांकडे बघत नव्हतो. सासूबाई पुढे महिनाभर येईल त्या गिऱ्हाइकाला ती गोष्ट हसत हसत सांगत होत्या. मला मात्र हसू येईना. पुन्हा जमीन हलली आणि जोरात हलली, तर ही बाई पुन्हा वर एकटी राहणार, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या मजल्यावर एक इंजिनीअर बाई राहायच्या. पूल आणि इमारती तपासणं हे त्यांचं कामच. मी त्यांना गाठलं.

"पहिली गोष्ट म्हणजे पळायचंच नाही," त्या म्हणाल्या. "ही इमारत मी स्वतः तपासली आहे, खांब चांगले आहेत. माणसं मरतात ती जिन्यात आणि दारात, अंगावर काहीतरी पडून. जिथे आहात तिथे खाली बसा, भक्कम टेबलाखाली शिरा, डोकं झाका आणि थांबेपर्यंत टेबलाचा पाय सोडू नका. तुमच्याकडे तर असं टेबल आहे की मीच वर येईन म्हणते."

टेबल होतं हो. टेबलाखाली जागा नव्हती. तिथे मामंजींनी चाळीस वर्षांचे कागदी नमुने गठ्ठे बांधून ठेवले होते. ज्याचा म्हणून कोट त्यांनी शिवला त्याच्या पाठीचा, बाहीचा, गळ्याचा खाकी कागद तिथे नाव घालून गुंडाळलेला. तिथे झुरळालासुद्धा अंग चोरूनच जावं लागे.

मी विषय काढला.

"हात लावायचा नाही," मामंजी म्हणाले.

"मामंजी, यातली निम्मी माणसं आता हयात नाहीत."

"त्यांची मुलं आहेत ना? बापाचे खांदे मुलाला येतात. माणूस जातो, माप राहतं."

"आणि आई? त्यांनी कुठे जायचं?"

यावर ते खडूला टोक काढायला लागले. मामंजी खडूला टोक काढायला लागले की बोलणं संपलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाई मला म्हणाल्या, "सोड गं. दगडावर डोकं आपटून दगडाला टेंगूळ येत नाही."

पण मीही हट्टी. दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी काज करता करता सहज विचारलं, "मामंजी, गुडघे दुमडून, डोकं खाली घालून बसलेल्या माणसाचं माप कसं घेतात हो?"

कात्री थांबली. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "बसलेल्या माणसाचं माप घेत नाहीत," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "का घेत नाहीत, तेही खरंच." आणि आणखी जरा वेळाने गळ्यातला टेप काढत, "बस बघू खाली."

त्यांच्या गळ्यात टेप कायम असायचा. जेवताना, झोपताना, सासूबाई म्हणायच्या की लग्नातही होता.

त्या दुपारी दुकान बंद ठेवून मामंजींनी आम्हा सगळ्यांना जमिनीवर बसवून मापं घेतली. खांदा ते खांदा, पाठीचा बाक, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. सासूबाईंचा उजवा पाय दुमडत नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी तो लांब सोडून वेगळं माप. स्वतःचं माप त्यांनी यांना घ्यायला लावलं आणि दोनदा चुकलं म्हणून यांना बोल लावले. मग निम्मे गठ्ठे बाहेर काढले आणि टेबलाखालच्या फरशीवर खडूने चार आकृत्या काढल्या, एकमेकींत अशा बसवलेल्या, की जणू कापड कमी पडतंय आणि त्यातच कोट बसवायचा आहे. प्रत्येकीला चारी बाजूंनी एक इंच सैल. उरलेल्या जागेत गठ्ठे परत गेले. जे मावले नाहीत ते त्यांनी उदार मनाने आमच्या पलंगाखाली सरकवले.

इंजिनीअर बाई पाहायला आल्या. टेबलाखाली वाकल्या आणि बराच वेळ त्यांचे फक्त खांदे हलताना दिसले. मग गंभीर तोंड करून म्हणाल्या, "उत्तम. आता ते कपाट भिंतीला बांधा, चपला टेबलाखाली ठेवा, कारण नंतर काचा असतात. आणि हा आरसा इथून हलवा."

आरसा म्हणजे कोट घालून बघायचा, पुरुषभर उंच, टेबलासमोरच.

"आरसा हलणार नाही," मामंजी म्हणाले. "उजेड इथेच पडतो. सुनेचा एक हट्ट ऐकला, आता माझा एक राहू द्या."

कपाट मात्र त्यांनी कॅनव्हासच्या पट्टीने असं शिवून टाकलं, की ते भिंतीचंच अंग वाटावं.

त्यानंतर सात-आठ महिने काहीच झालं नाही. सासूबाई खडूच्या रेषांना धक्का न लावता केर काढायला शिकल्या. आणि एका सकाळी अकराच्या सुमाराला हेडमास्तर कोट घालून बघायला आले. अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून भक्कम. कोट कच्च्या शिलाईवर, एक बाही लावलेली, दुसरी टाचण्यांवर. मामंजी त्यांच्या पाठीशी उभे, तोंडात टाचण्या.

आधी आवाज आला, जड गाडी खालून गेल्यासारखा. मग गाडी जाईचना. खिडकीची तावदानं थडथडली, बटणांचा डबा कपाटावरून उडाला, आणि पायाखालची फरशी कुणीतरी ओढल्यासारखी सरकली. यांनी इस्त्रीची पिन उपटली आणि टेबलाखाली उडी मारली. मी सासूबाईंना दोन्ही काखांत धरून खाली बसवलं. त्या बसल्या बसल्याच आपल्या आकृतीत सरकल्या, इतक्या नेमक्या, की मामंजींचं माप चुकलं नव्हतं हे सिद्ध झालं. त्यांच्यामागोमाग मी माझ्या आकृतीत शिरले.

हेडमास्तर मात्र दाराकडे निघाले. हात वर करून त्यांच्या सवयीच्या आवाजात ओरडले, "रांगेत! धक्काबुक्की नको! रांगेत बाहेर चला!"

"हेडमास्तर!" सासूबाई टेबलाखालून त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडल्या. "रांग इकडे आत आहे!"

जन्मात पहिल्यांदा ते कुणाच्या आज्ञेप्रमाणे वळले असतील. एका बाहीनिशी टेबलाखाली शिरले आणि बसले ते नेमके चौथ्या आकृतीत.

ती मामंजींची होती.

मामंजी बाहेर, टेबलाची कड धरून वाकलेले. आत चार माणसांचं माप, चारही जागा भरलेल्या, आणि मागे टेबलाच्या पलीकडच्या कडेपर्यंत गठ्ठे. तोंडातल्या टाचण्या थुंकून ते म्हणाले, "असू दे. माझं मी बघतो." त्यांच्यामागे आरसा भिंतीवर डावीउजवीकडे झोके घेत होता.

मी ओरडले, "मामंजी, आत या!"

"कुठे?"

आणि तेव्हा सासूबाईंनी आपला न दुमडणारा उजवा पाय गठ्ठ्यांना लावला. एका लाथेत तीन गठ्ठे पलीकडून बाहेर, दुसऱ्या लाथेत चार.

"अगं, नमुने!" मामंजी कळवळले. "डॉक्टरांचा कोट आहे त्यात!"

"डॉक्टरला काय करायचंय? तो मेलाय, तुम्ही नाही!" त्यांनी हात लांब केला, मामंजींच्या गळ्यातल्या टेपची दोन्ही टोकं मुठीत धरली आणि हिसका दिला. मामंजी डोकं आपटत आत आले, अर्धे माझ्या अंगावर, अर्धे यांच्या.

"हेडमास्तर, पाय धरा!" हे ओरडले.

"कुणाचे?"

"टेबलाचा!"

आणि आरसा पडला. आवाज असा झाला, की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळं थांबलं होतं. कुठेतरी एक बटण अजून गोल गोल फिरत होतं.

मामंजी जिथे उभे होते तिथे घोटाभर काचा पडल्या होत्या. त्यांनी त्या पाहिल्या. मग गठ्ठ्यांकडे पाहिलं, काही चिरले होते, काही भिंतीशी लोळत होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते सासूबाईंकडे वळून म्हणाले, "गुडघा दुखला का गं?"

"दुखायला तो शिल्लक कुठाय?" सासूबाई म्हणाल्या. टेप अजून त्यांच्या मुठीत होता.

"मला कुणीतरी टोचतंय," हेडमास्तर क्षीण आवाजात म्हणाले.

"टाचण्या आहेत. हलू नका, बाही बिघडेल," मामंजी म्हणाले, आणि मग आम्हा सगळ्यांना असं हसू फुटलं, की खालून इंजिनीअर बाई जिवंत आहात का म्हणून विचारायला लागल्या. चपला घालून, काचा चुकवत आम्ही एकेक टेबलाखालून बाहेर आलो आणि आधी गॅस बंद केला. सासूबाईंना काढायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. या खेपेस सगळे त्यांच्यासाठी थांबले होते.

त्या दुपारी मामंजींनी कुणालाही न विचारता सगळे गठ्ठे बांधलेल्या कपाटाच्या खालच्या खणात कोंबले. मग ओल्या फडक्याने खडूच्या चारही आकृत्या पुसल्या.

"आता काय काढणार?" मी विचारलं.

"काही नाही. चूक झाली माझी. कोट कापताना मी शिवणीत कापड राखून ठेवतो, माणूस उद्या जाड होईल म्हणून. आणि इथे, आल्यागेल्याचा विचारच केला नाही."

आजही ते टेबल माझ्याकडे आहे आणि त्याच्याखाली मी काही ठेवू देत नाही. नातवंडं म्हणतात, आजी, एवढी जागा वाया. जाऊ दे वाया.

आरसा पडला त्याच संध्याकाळी पुन्हा एक धक्का आला, लहानसा. मी सासूबाईंना धरायला धावले, तर त्या आधीच टेबलाखाली. शेजारी मामंजी. त्यांनी गळ्यातल्या टेपची दोन टोकं उचलली आणि काही न बोलता सासूबाईंच्या हातात दिली.

"धरलंय हो," त्या म्हणाल्या. "बसा गुपचूप."