कॉल-साईन सांगा, आत या

"मास्तर आत आले होते," लाईनमन स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला.

शिवणयंत्रावरचा बायकोचा पाय थांबला. "कुठले मास्तर?"

"आपले. शनिवारी सकाळी नऊला आले, रविवारी सकाळी गेले."

"अहो, आठ महिने झाले त्यांना जाऊन! चष्मा कुठाय तुमचा?"

चष्मा नाकावरच होता. टेलिफोन खात्यात तारा ओढून निवृत्त झालेल्या या माणसाला हौशी रेडिओचा नाद पंचविशीपासूनचा. मागच्या खोलीत, धान्याच्या डब्यांना खेटून, त्याचा जुना कॉम्प्युटर एकोणीस वर्षं चालू होता. हा कॉम्प्युटर, त्यांच्या भाषेत सर्व्हर, म्हणजे रेडिओवाल्यांचा सार्वजनिक फळा. कुणाला एखादं दूरचं स्टेशन ऐकू आलं की त्याने इंटरनेटवरून इथे आत यायचं, स्टेशनचं नाव आणि फ्रिक्वेन्सी लिहायची, की बाकीच्यांनी आपापली बटणं तिकडे फिरवलीच. आत यायला दार एकच, सात हजार तीनशे नंबरचं, आणि दारावर प्रश्नही एकच: कॉल-साईन काय? म्हणजे लायसनबरोबर मिळालेली अक्षरं. ती सांगा आणि आत या. पासवर्ड-बिसवर्ड काही नाही. "आपल्यात खोटं कोण बोलणार?" हे लाईनमनचं ठरलेलं वाक्य. त्याला त्याचा गर्व होता, आणि तो लपवतही नसे.

सोमवारी सकाळी त्या गर्वाच्या तोंडात बसली. शनिवार-रविवारी मोठी स्पर्धा झाली होती. चोवीस तासांत जास्तीत जास्त स्टेशनांशी जो बोलेल तो जिंकणार. स्पर्धकाने स्वतःचं नाव स्वतः फळ्यावर लिहायचं नाही, असा तिचा नियम. कमिटीचं पत्र आलं होतं: तुमच्या सर्व्हरवर अमुक कॉल-साईनने एकाच स्टेशनचं नाव एक्केचाळीस वेळा लिहिलं आहे, हे संगनमत दिसतं, उद्यापर्यंत खुलासा न आल्यास ही कॉल-साईन लबाडांच्या यादीत जाईल. ती यादी जगभर वाचली जाते आणि तिच्यातून नाव कधी निघत नाही. आणि कॉल-साईन मास्तरांची! ज्यांनी शाळेत उभा जन्म काढून कुणाचा खडू उचलला नाही, त्यांची.

मास्तर गेल्यावर लाईनमनने त्यांचं नाव सर्व्हरवरून काढायला हवं होतं. हात धजला नव्हता. त्याचं फळ आता समोर होतं.

आत येणाऱ्या प्रत्येक जोडणीचा पत्ता सर्व्हर नोंदवून ठेवतो. लाईनमनने मास्तरांच्या नावाने आलेल्या जोडणीचा पत्ता पाहिला. वरच्याच ओळीत तोच पत्ता, आणि नाव त्यांच्या रेडिओ क्लबच्या अध्यक्षांचं. एक्केचाळीस वेळा जाहिरात झाली ते स्टेशनही अध्यक्षांचंच. त्या क्षणापासून लाईनमनने मनातल्या मनात त्यांना अरे-तुरे करायला सुरुवात केली, तेव्हा आपणही तसंच म्हणू.

पण खरी शिसारी पुढे होती. फळ्यावर लोक एकमेकांना चार शब्दही लिहितात. पूर्वी जहाजावर वायरलेस ऑफिसर होते म्हणून सगळे ज्यांना कप्तान म्हणतात, ते म्हातारे गृहस्थ दूर एकटे राहतात. मास्तर गेल्याचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. शनिवारी त्यांनी लिहिलं होतं: "मास्तर, फार दिवसांनी! तब्येत बरी ना?"

आणि खाली मास्तरांच्या नावाने उत्तर होतं: "आता बरी आहे. थोडा आजारी होतो."

"जपा," कप्तानांनी लिहिलं होतं. "रोज एकदा तरी दिसत जा."

लाईनमनने ते बायकोला वाचून दाखवलं. एरवी मागच्या खोलीतल्या कारभारात ती कधी तोंड घालत नसे.

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा मेला!" ती म्हणाली. "जा आधी, आणि विचारा त्याला."

अध्यक्ष दातांचा डॉक्टर. दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास होता आणि खुर्ची रिकामी होती. तो बेसिनपाशी हात धूत होता.

"या या, लाईनमन! दाढेने मान टाकली वाटतं?"

"मास्तरांच्या नावाने तुम्ही आत आलात."

डॉक्टरने नॅपकिन घेतला आणि एकेक बोट पुसलं. "बसा तर खरं. अहो, सगळेच करतात. मी सापडलो इतकंच."

"मेलेल्या माणसाच्या नावाने?"

"मग काय जिवंत माणसाचं नाव घेऊन त्याला अडचणीत आणू? मास्तरांना आता काय फरक पडतो?"

"आणि कप्तानांना उत्तर कशाला दिलंत?"

"नसतं दिलं तर म्हाताऱ्याला संशय आला असता." हे सांगताना तो हसला. पांढरेशुभ्र, एका ओळीतले दात. "ट्रॉफी काय माझ्या घरी जाणारे? क्लबची आहे ती. तुम्ही आपलं लिहा कमिटीला, कॉम्प्युटर बिघडला होता म्हणून. तुमचा तो डबा बघून कुणालाही पटेल."

लाईनमनच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. डॉक्टरने खांद्यावर ठेवायला पुढे केलेला तो स्वच्छ, साबणाच्या वासाचा हात त्याने चुकवला.

"डॉक्टर, तुम्ही शेण खाल्लंत," तो म्हणाला, "आणि माझ्या घरात बसून खाल्लंत."

घरी येऊन त्याने आधी तोंड धुतलं. मग जोडण्यांच्या सगळ्या नोंदी जशाच्या तशा कमिटीला पाठवल्या, आणि सोबत मास्तर गेल्याची तारीख लिहिली. एवढं झाल्यावर सर्व्हरची फाईल उघडली. येणाऱ्यांना पासवर्ड विचारायचा का, अशा अर्थाची एक ओळ तिच्यात होती आणि पुढे शून्य होतं. एकोणीस वर्षांपूर्वी मास्तर शेजारी बसून म्हणाले होते, "शून्यच असू दे रे, आपण काय तिजोरी उघडून बसलोय?" लाईनमनने शून्य खोडून एक केला. मास्तरांच्या कॉल-साईनला कायमचं कुलूप घातलं. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला आणि सदतीस जणांना सदतीस पासवर्ड पाठवत बसला. एका निर्लज्ज माणसापायी सदतीस सज्जनांची झडती घेतोय, असं त्याला वाटत राहिलं. त्याला डॉक्टरची किळस आली होतीच, आता स्वतःच्या हातांचीही आली.

बुधवारी कमिटीचं उत्तर आलं. मास्तरांवर ठपका नाही. अध्यक्षांचा निकाल रद्द. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. लाईनमनला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गुरुवारी सकाळी फोन वाजला.

"अरे, तुझा सर्व्हर मला दारातूनच हाकलतोय," कप्तान म्हणाले. "पासवर्ड सांग म्हणतोय."

"मेल पाठवलं होतं, कप्तान."

"मेल-बिल मी कुठे बघतो? मी बोलतोय, आवाज ओळखत नाहीस का?"

"ओळखतो. पण आता ओळखीवर आत घेता येत नाही."

"कमाल आहे तुझी! खात्री हवी तर मास्तरांना विचार. शनिवारीच बोललो त्यांच्याशी. आजारी होते म्हणे."

लाईनमनने खुर्ची ओढली आणि बसला. मग त्याने सगळं सांगितलं. मास्तर कधी गेले, कशाने गेले, आणि शनिवारी त्यांच्या नावाने कोण बसलं होतं.

"कशासाठी पण?" कप्तानांनी विचारलं.

"ट्रॉफीसाठी."

"मी त्याला जपा म्हणालो रे," कप्तान म्हणाले.

लाईनमनने पासवर्डांचा कागद पुढे ओढला.

"बरं, सांग तो पासवर्ड. लिहून घेतो."

लाईनमनने सहा आकडे सांगितले. वायरलेसवर घेतात तसा कप्तानांनी एकेक आकडा परत म्हणून दाखवला आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने स्क्रीनवर त्यांची कॉल-साईन उमटली. लाईनमनने लगेच लिहिलं: "नमस्कार, कप्तान."

उत्तर आलं नाही. दोन मिनिटं गेली, पाच गेली. मग फोन पुन्हा वाजला.

"आत्ता नमस्कार लिहिलास," कप्तान जपून म्हणाले, "तो तूच ना?"

"मीच," लाईनमन म्हणाला.

मग कप्तानांनी स्क्रीनवर नमस्कार लिहिला.