पाऊण इंचाचा थर

अण्णांनी रबर चिकटवायच्या सोल्युशनच्या ट्यूबचं तोंड फडक्यानं पुसलं आणि बुडाकडून दाबत दाबत आतली हवा काढली. पिवळसर सोल्युशन अगदी तोंडाशी येऊन थांबलं. आता झाकण बसवायचं, तर हात थरथरू लागला. आटे काही केल्या जुळेनात.

“द्या इकडे,” मुलगी म्हणाली.

“थांब. आधी आट्यांना व्हॅसलिन. नाहीतर झाकणच चिकटून बसतं.”

हे तिला शाळेत असल्यापासून पाठ होतं. तरी तिनं मुकाट्यानं आट्यांवरून व्हॅसलिनचं बोट फिरवलं, झाकण घट्ट केलं आणि ट्यूब डोकं खाली करून बरणीत ठेवली. दुरुस्त केलेला बूट खिडकीत वाळत होता.

तिचा डावा पाय उजव्यापेक्षा पाऊण इंच आखूड. डाव्या बुटाला खालून रबराचा तेवढा थर लहानपणापासून अण्णाच चिकटवत. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारी ती बोटं. त्यांना केसाचाही फरक खपत नसे. रविवारी सकाळी दोघं खिडकीशी बसत. दोन्ही बाजूंना सोल्युशन लावलं की दहा मिनिटं थांबावं लागे. तेवढ्यात अण्णा तिच्याकडून पाढे म्हणवून घेत. तेराचा पाढा तिला अजूनही त्या उग्र वासासकट आठवे.

एकदाच घोटाळा झाला. ती पाचवीत होती. शाळेच्या कवायतीत थर अर्धवट सुटला आणि मैदानभर फटक फटक वाजत राहिला. पोरी पोट धरधरून हसल्या. झाकण सैल राहून ट्यूबमधलं सोल्युशन घट्ट झालं होतं, अण्णांनी तेच कसंबसं चोपडलं होतं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. त्यानंतर त्यांच्या घरात सोल्युशन कधी वाळलं नाही.

आता तिनं पन्नाशी ओलांडली होती. टपाल कचेरीत दिवसभर उभ्यानं टपाल निवडावं लागे. अण्णा ऐंशीचे. दोन वर्षांपासून त्यांच्या हातून थर तिरका बसू लागला होता. तिनं चकार शब्द काढला नाही. रविवारी बूट त्यांच्याकडून करून घ्यायची आणि सोमवारी कामावर जाताना कोपऱ्यावरच्या बूटवाल्याकडून तोच थर काढून सरळ बसवून घ्यायची.

“उद्या त्याला सांग,” अण्णा म्हणाले, “टाचेकडे जरा जास्त दाब म्हणावं.”

तिचा हात बरणीवरच राहिला.

“कोणाला?”

“बूटवाल्याला. हात चांगला आहे त्याचा, पण सोल्युशनचा डबा सताड उघडा टाकतो. वर्षभर मी जाऊन बसतोय त्याच्याकडे. आता कुठे तो डब्याचं तोंड पुसायला लागलाय. व्हॅसलिनची डबीही मीच नेऊन दिली.”

“अण्णा, तुम्हाला कधी कळलं?”

“अगं, इतका सरळ थर मी बसवीन का हल्ली?” ते हसले. “माझं काम मला ओळखू येणार नाही होय?”

“मग बोलला का नाहीत?”

“तू तरी कुठे बोललीस?”

तिनं उगाच फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“मग आता रविवारचं काय करायचं?”

अण्णांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले.

“चिकटवायचं त्याच्यावर सोडू. पण त्याआधी रबर घासून साफ करताना हात थरथरला तरी चालतो, पोरी. तेवढं माझ्याकडे राहू दे.”

तिनं खिडकीतला बूट उचलला. नुकताच बसवलेला थर नखानं उचकटून त्यांच्यादेखत ओढून काढला आणि तो थर नि घासायचा कागद यांसकट बूट त्यांच्या मांडीवर ठेवला. अण्णांनी चष्मा सारखा केला आणि घासायला सुरुवात केली. काळी भुकटी त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर पडत होती. ती झटकायचं दोघांनाही सुचलं नाही.