गोगलगायवाली

सकाळी सकाळी नवऱ्यानं मिरचीच्या रोपांचे दोन ट्रे उचलले आणि उकिरड्यावर नेऊन पालथे केले. रोपवाली तेव्हा हिरव्या जाळीच्या शेडनेटच्या दारात मोबाइल घेऊन उभी होती, आणि त्याच रोपांच्या फोटोला कुठली कुठली माणसं बदाम पाठवत होती.

"घे, अजून बदाम घे," नवरा म्हणाला. "जगभर वाहवा, आणि दारात कुत्रं नाही."

उत्तर तिच्या ओठावर आलं होतं, पण माणूस खरं बोलत असला की भांडणाची पंचाईत होते. रोपं जरड झाली होती. वीतभर असताना विकायची, ती हातभर वाढली. खोडं काडीसारखी कडक झाली आणि खालची पानं पिवळी पडली. असलं रोप कोण नेणार?

मुळात घोळ झाला तो रस्त्यानं. पूर्वी बाजाराला जाणारी प्रत्येक गाडी तिच्या शेडनेटपुढून जायची. हिरवं दिसलं की ब्रेक लागायचा, बोलवावं लागत नव्हतं. यंदा नवा रस्ता गावाला वळसा घालून गेला आणि जुन्या रस्त्यावर शेळ्या रवंथ करत बसायला लागल्या. शेतीचे पाइप विकणाऱ्या गावातल्या पाइपवाल्याचं नशीब मात्र नव्या रस्त्यानं असं उघडलं की त्याला पाइप ठेवायला जागा पुरेना, आणि त्याचा डोळा शेडनेटच्या तुकड्यावर पडला. नवऱ्यानं त्याला अर्धा शब्द देऊन टाकला होता. एवढी मिरची खपली तर ठीक, नाहीतर बांबू उपटतो आणि जागा तुझी. ते शेडनेट रोपवालीनं स्वतः खड्डे खणून उभं केलेलं. लग्न होऊन आल्यापासून या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

म्हणून तर तिनं भाच्याला विचारलं. हा नणंदेचा मुलगा शहरात मोबाइलच्या दुकानात कामाला, आणि बोलणं असं की मोबाइल यानंच शोधून काढला असावा. त्यानं समजावलं की नुसता फोटो टाकून भागत नाही, खाली हॅशटॅग लावायचे. म्हणजे ते चौकडीचं चिन्ह आणि त्याला चिकटून एक शब्द. तो शब्द जो शोधेल, त्याच्यापुढे आपला फोटो जाऊन उभा राहतो. शब्द कुठले लावायचे, तर सगळ्यात जास्त चालतात ते. त्यानं शब्दांची ही लांबलचक माळच पाठवून दिली. तीत प्रेम होतं, लग्न होतं, प्रवास होता, व्यायाम होता, सूर्यास्त तर दोनदा होता. मिरची कुठंच नव्हती. तिनं शंका काढली तर म्हणतो, मामी, मिरची कोण शोधतंय?

शहाण्यानं सांगितलं म्हणून तिनं रोज नेमानं ती माळ फोटोखाली चिकटवली. मग काय विचारता! सूर्यास्त शोधणाऱ्यानं हिरवा रंग छान आलाय म्हणून कळवलं. व्यायामवाल्यानं रोज किती वजन उचलता असं विचारलं. एका बाईला लग्नाच्या मांडवासाठी पांढरी फुलं हवी होती, आणि लांबच्या शहरातल्या एका गृहस्थाला खिडकीत ठेवायला एकच रोप हवं होतं, तेही कुंडीसकट आणि घरपोच. ही वेडी प्रत्येकाला उत्तर देत बसायची. चुलीवर दूध उतू जायचं आणि शेडनेटमध्ये रोपं वाढत राहायची.

सासू ओट्यावर धान्य निवडता निवडता हे सगळं बघत होती.

"मासळीच्या रांगेत खेळणी मांडलीस तर गर्दी होईल, बाई," ती म्हणाली, "पण जो तो पिशवीत मासळीच घालून नेणार."

"मग तुम्ही बसा मोबाइल घेऊन," रोपवाली करवादली आणि दळणाचा डबा उचलून गिरणीवर निघाली. डोळ्यात पाणी आलं होतं, ते ओट्यावर दाखवायचं नव्हतं.

गिरणीवर बायांच्या तोंडी एकच विषय होता, गोगलगायी. आठवडाभर भुरभुर चाललेली, माती ओलीकच्च, आणि बांधाबांधातून गोगलगायींचं सैन्य निघालेलं. संध्याकाळी लावलेलं कोवळं रोप सकाळी नाहीसं. एकजण बादल्या भरभरून वेचत होती. एकीनं राख पसरून पाहिली, तर भुरभुरीनं राख धुऊन नेली. तिसरीचा नवरा कामधंदा सोडून मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, नुसतं गोगलगाय, गोगलगाय शोधत, कुठं काही उपाय सापडतो का म्हणून.

"माझी रोपं न्या की," रोपवाली बोलून गेली.

"नेऊ की. गोगलगायींना जेवण कमी पडलंय," ती तिसरी म्हणाली, आणि गिरणीच्या आवाजावर सगळ्या हसल्या.

पीठ घेऊन ती घरी आली ती धुमसतच. हिच्या दारात माल सडतोय, तिकडे रानं मोकळी पडलीत, आणि मधे हा मोबाइल मांडवाची फुलं विचारतोय. डबा ठेवून ती उकिरड्याकडे गेली, निदान रिकामे ट्रे तरी उचलावेत म्हणून. तिथंही गोगलगायी होत्याच. आपोआप उगवलेल्या घेवड्याचा त्यांनी पार दोरा करून टाकला होता. पण शेजारीच पालथी पडलेली तिची मिरची शाबूत होती. खालची एकदोन पानं कुरतडलेली, खोडाला मात्र तोंड लावलेलं नाही. तिनं नख लावून पाहिलं. नखच वाकलं.

पण घाईनं बोलून तोंडघशी पडायची तिची तयारी नव्हती. मागून पेरलेल्या वाफ्यातली चार कोवळी रोपं आणि चार जरड रोपं तिनं उकिरड्याच्या कडेला एका ओळीत लावली. सकाळी जाऊन बघते तर कोवळ्यांच्या जागी नुसती भोकं, आणि जरड चारही ताठ. एकावर तर गोगलगाय अर्ध्यापर्यंत चढून तशीच बसली होती. रोपवालीनं तिथंच चिखलात उकिडवं बसून फोटो काढला.

मग तिनं भाच्याची माळ पुसून टाकली. प्रेम गेलं, व्यायाम गेला, दोन्ही सूर्यास्त गेले. त्या जागी लिहिलं #गोगलगाय, #गोगलगायीनंरोपंखाल्ली, #मिरचीरोपं. पुढं बाजाराच्या गावाचं नाव घातलं, आणि आपल्या गावाचं घालताना तिचा हात थबकला. एवढ्या दिवसात एवढे शब्द चिकटवले, पण आपण राहतो कुठं ते एकदाही लिहिलं नव्हतं. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली तिला. फोटोवर तिनं आपला फोन नंबर घातला आणि सरळ लिहिलं, रोपं जून आहेत, शेंडा खुडून लावा, फळ थोडं उशिरा धरेल, पण खोड टिकेल.

दुपारी भाच्याचा फोन आला. गोगलगाय बघून लोकांना किळस येते म्हणाला. बदाम बघ, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सगळी मेहनत मातीत घातलीस, मामी. तिनं फोन ठेवला आणि कोवळ्या वाफ्याला पाणी घालत बसली.

ऊन कलायच्या सुमाराला जुन्या रस्त्यावरच्या शेळ्या उठल्या. एक मोपेडवाला येत होता. ओट्यापुढे पाय टेकून त्यानं सासूला विचारलं, "आजी, ती गोगलगायवाली कुठं राहते?"

सासू सूप सांडेपर्यंत हसली. रोपवालीच्या अंगाची लाही झाली. इतकी वर्षं हाताची माती करून नाव काय मिळालं तर हे! पण त्याच्यामागून टेम्पो आला, टेम्पोमागून दोन ट्रॅक्टर, आणि सगळे तेच नाव विचारत आले. कुणी रोप जून आहे म्हणून नाक मुरडलं नाही, उलट खोड दाबदाबून बघत होते. नवरा मुकाट्यानं ट्रे उचलून देत होता. मधेच तो गायब झाला, म्हणून तिनं मागं जाऊन पाहिलं, तर उकिरड्यावरची रोपं वेचून हौदावर मुळं धूत बसला होता. ती तशीच मागं फिरली. बोलायला रात्र पडली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या रानासाठी मागं ठेवलेला एकच ट्रे उरला, आणि पाइपवाला उगवला. हातात मोजायची टेप. नवरा पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला.

पाइपवाला मात्र जागेकडे बघेना. घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, घरामागची सगळी मिरची साफ झाली. बायको मोबाइलवर गोगलगाय शोधत होती, तर तुम्हीच निघालात. असेल का काही?"

तिनं ट्रेकडे पाहिलं, मग टेपकडे.

"रोपं देते," ती म्हणाली. "आधी टेप गाडीत ठेवून या."

त्यानं नवऱ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" नवरा म्हणाला. "शेडनेट तिचं आहे."

पाइपवाला टेप ठेवून आला आणि ट्रे घेऊन गेला. शेडनेट रिकामं झालं. सासूनं विचारलं, आता आपल्या रानात काय लावायचं? रोपवाली चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात मोबाइल वाजला. गोगलगायवाली का, पलीकडून कुणीतरी विचारत होतं, आणि रोपं जूनच पाहिजेत म्हणत होतं, कोवळी नकोत.

तिनं कोवळ्या वाफ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"हो, गोगलगायवालीच बोलतेय," ती म्हणाली. "जून संपली. थांबा जरा, ही म्हातारी होऊ देत."