सांत्वनाची थाळी

“आर्डिस, मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय. टेसाची आई ट्रक घेऊन निघाली, वाटेत हिमवादळ लागलं, आणि मग ती—”

एवढ्यात डोरीनचा फोन कट झाला. डोरीन गावच्या वाचनालयात कामाला आहे. प्रिंटरमध्ये कुणी कागद विसरला, की तो वाचल्याशिवाय तिला राहवत नाही. आर्डिसने पुन्हा फोन लावला नाही. तिने सरळ कपाट उघडलं आणि मला खाली काढलं. तेव्हाच मी ओळखलं, कुणीतरी गेलं.

मी आर्डिस नीगार्डची काचेची थाळी बोलतेय. खोलगट, ओव्हनमध्ये जाणारी. जन्म कारखान्यातला, पण खरं आयुष्य सुरू झालं ते आर्डिसच्या लग्नात. तिच्या मावशीने मला आहेर म्हणून दिलं. माझ्या पाठीवर चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर लिहिलंय ‘नीगार्ड’. माझं शिक्षण म्हणाल तर तेवढंच, तो एक शब्द. बाकीचं सगळं मी लोकांच्या स्वयंपाकघरात बसून ऐकून शिकले. आणि खरं सांगते, ऐकायला मला आवडतं.

मिनेसोटातल्या आमच्या या तळ्याकाठच्या गावात दुःखाबद्दल कुणी विचारत नाही. खिमा-बटाट्याची थाळी भाजायची, दारात नेऊन द्यायची, हवापाण्याचं बोलायचं आणि निघायचं. थाळी परत करताना ती रिकामी देत नाहीत. बाळंतपणं, अंत्यविधी, मोडलेले पाय, सगळीकडे मी जाऊन आले.

त्या दिवशी शेजारच्या दारात टेसा उभी होती. शाळेचं शेवटचं वर्ष, केस विस्कटलेले, कानाला पेन्सिल.

“गरम आहे, जपून,” आर्डिस म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “थंडी यंदा लवकरच आली, नाही?”

“हो, मिसेस नीगार्ड. पण हे...?”

“काही बोलू नकोस, बाळा. खाऊन घे.” आणि गेलीसुद्धा!

मग चर्चमधल्या बायका आल्या. पास्ता आला, हॅम आलं, थरथरणारी हिरवी जेली आली. टेसा प्रत्येकीला “थँक यू” म्हणत राहिली. शेवटी एका ताटावरची चिठ्ठी तिने मोठ्याने वाचली, “तुझ्या आईच्या आठवणीत”, आणि मटकन खुर्चीवर बसली.

सगळा उलगडा मला टेबलावरच झाला. कॉलेजात प्रवेश हवा तर स्वतःविषयी एक निबंध द्यावा लागतो. टेसाचा पहिला मसुदा व्हॉलीबॉलवर होता. शाळेतल्या सल्लागारबाई म्हणाल्या, हा कुणीही लिहील. कुणी मैत्रीण म्हणाली, “गेल्या वर्षी कोडीला कसं घेतलं? त्याचे वडील वारले होते.” झालं! दुसऱ्या मसुद्यात टेसाने आईला हिमवादळात मारून टाकलं. त्याचीच एक प्रत वाचनालयाच्या प्रिंटरमध्ये राहिली.

शुक्रवारी आई घरी आली. रॉबिन, लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारी, खांद्यावर पिशवी, डोळ्यांत झोप. तिने फ्रिज उघडला.

“अगंबाई! कोण गेलं?”

“...तू.”

टेसाने कागद पुढे केला. रॉबिनने उभ्याउभ्याच वाचला. मग चमचा घेतला आणि माझ्यातला एक घास खाल्ला.

“माझ्या मयताचं जेवण बरं झालंय,” ती म्हणाली. “पण टेस, मी काय नवशिकी आहे, असल्या वादळात गाडी घालायला?”

टेसा हसली आणि लगेच रडू लागली. “मला त्या मोठ्या कॉलेजात जायचंय गं. माझ्याकडे दुसरं लिहिण्यासारखं काही नाही.”

रॉबिनने चमचा खाली ठेवला. “मेलेल्या आईवर पानभर छान लिहिलंस. जिवंत आईवर एक ओळ नाही.”

“जिवंत आईवर काय लिहू? ती घरात असते कुठे?”

माझी काच तडकते की काय असं मला वाटलं.

“मग तेच लिही,” रॉबिन म्हणाली.

“तुला चालेल?”

“मनाला लागेल माझ्या. तरी लिही.”

त्याच रात्री तिसरा मसुदा टेसाने आईसमोर मोठ्याने वाचला. त्यात रोजचं जेवण होतं: पानाशेजारी फोन, फोनमधून इंजिनाची घरघर, आणि दोघी आपापल्या ठिकाणी एकाच वेळी जेवताहेत. ‘त्याग’, ‘संघर्ष’ असले शब्द टेसाने स्वतःच खोडले. रॉबिनने रस्त्याचं एक नाव सुधारलं. मग एका वाक्यावर ती थांबली.

“‘आई माझ्या वाढदिवसाला कधीच नव्हती.’ एकदा होते. तू नऊची झालीस तेव्हा. तो दुकानातला निळा केक.”

टेसाने आठवून पाहिलं. ‘कधीच’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘एकदा सोडून’. मग कितीतरी वेळ ती त्या दोन शब्दांकडे बघत बसली.

मोठ्या कॉलेजने तिला नाही म्हटलं. दुसऱ्याने बोलावलं, ते आईच्या ट्रकच्या वाटेवरच आहे, म्हणून आता रॉबिन अधूनमधून तिथे थांबते आणि दोघी समोरासमोर बसून जेवतात. मी आर्डिसच्या कपाटात आहे. काठाचा टवका उडालाय, पाठीवरचं नाव फिकट झालंय. ज्यांनी ज्यांनी मला हातात घेतलं त्या सगळ्यांचे उपकार आहेत माझ्यावर. तुमच्याकडे कुणाची थाळी राहिली असेल, तर भरून परत करा. आणि शक्य झालं, तर घडीभर थांबून ‘काय झालं?’ असं विचारासुद्धा.

मी परत आले तो शनिवार सांगते आणि थांबते. जन्मात केक न केलेल्या रॉबिनने माझ्यात सफरचंदाचा केक भाजला, एका कडेला करपलेला, आणि शेजारचं दार वाजवलं. आर्डिस तिला बघून चौकटीला धरून उभी राहिली. मग तिने रॉबिनला असं कवटाळलं की मी पडता पडता वाचले.

“म्हणजे ती डोरीन बोलली ते सगळं खोटं?”

“सगळं नाही,” रॉबिन म्हणाली. “मी नव्हतेच गं घरात. एकदा सोडून.”

आर्डिसने त्या दिवशी हवापाण्याचं काढलं नाही. ती दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, “आत ये. सगळं सांग.”